शेततळ्यात चिलापी उदंड झाली, पण तळहाताच्या वर एक वाढेना

बागायतदार_कवठेमहांकाळ

शेततळं ३० × ३० × ३ मीटर, ५०० मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा कागद. म्हैसाळच्या कालव्याचं पाणी पंपाने भरतो. मागच्या जुलैत रोहू आणि कटल्याची मिळून हजार बोटुकली सोडली. चिलापी (तिलापिया मासा) एकही सोडलेली नाही. आता खरड छाटणीनंतर द्राक्षबागेला पाणी चालू आहे, तळ्यात पाच फूट राहिलंय, आणि कडेकडेने बघावं तिकडे चिलापीच. मोठ्यात मोठी तळहाताएवढी, वजनाला ४०-५० ग्रॅम. रोहूसुद्धा वर्षात पाव किलोच्या पुढे गेली नाही. पंपाच्या फूटव्हॉल्व्हच्या जाळीतून पिल्लं आत ओढली जातात आणि ड्रिपचा सँड फिल्टर दर दोन दिवसांनी धुवावा लागतो.

ही आली कुठून? काही जण म्हणतात बगळ्याच्या पायाला अंडी चिकटून येतात. ही जातच बारकी आहे की खाद्य वाढवलं तर वाढेल? आणि मृगाच्या आधी हिचा निकाल कसा लावायचा? रोज दोन किलो शेंगपेंड आणि कोंडा टाकतोय, तो वाढवू का?

---

येरळाकाठ

खाद्य वाढवू नका, उलट आजपासून बंद करा. का ते सांगतो.

जात बारकी नाही. तुमच्याकडे आहे ती गावठी काळी चिलापी असणार. मूळची आफ्रिकेच्या आग्नेय बाजूच्या नद्यांतली, आपल्या देशात १९५२ साली आणली. मोकळ्या पाण्यात ती आरामात अर्धा किलो होते, कधी त्याच्याही पुढे जाते. तळ्यात ती बारकी राहते कारण ती फार लवकर वयात येते आणि फार वेळा विते. उबदार पाण्यात तीन महिन्यांची, २०-३० ग्रॅमची मादी अंडी घालायला लागते. पाणी २४ अंशांच्या वर असेल तर पाच-सहा आठवड्यांनी पुन्हा. आपल्याकडे फेब्रुवारीच्या शेवटापासून दिवाळीपर्यंत पाणी तेवढं गरम राहतं, म्हणजे एका मादीची वर्षात सहा-सात बाळंतपणं सहज होतात, आणि जूनमध्ये जन्मलेल्या लेकी गणपती उरकेपर्यंत स्वतः आया झालेल्या असतात.

आता हिशोब बघा. तळं किती किलो मासा पोसणार ते पाणी, खाद्य आणि प्राणवायू मिळून ठरवतात. समजा तुमचं तळं ३०० किलो पोसतं. मासे हजार असतील तर प्रत्येकी ३०० ग्रॅम. दहा हजार झाले तर ३० ग्रॅम. तळ्यातलं एकूण वजन तेच, फक्त वाटेकरी वाढलेत. पेंड वाढवलीत तर थोडं वजन वाढेल, पण त्यातलं निम्मं माद्यांच्या अंड्यांत जाईल आणि वाटेकरी आणखी वाढतील. खाद्य टाकलं की मासा वाढतो हे कोंबडीला जसं लागू आहे तसं इथे नाही.

मासा वयाने जुना आणि अंगाने खुरटलेला आहे का, हे नुसत्या नजरेने ओळखता येतं. डोकं आणि डोळे अंगाच्या मानाने मोठे, पाठ बारीक, पोट आत गेलेलं दिसलं तर तो पिल्लू नाही, खुरटलेला म्हातारा आहे. असा मासा नव्या तळ्यात नेऊन सोडला तरी त्याच्यावर खर्च करण्यात अर्थ नाही.

रोहू-कटला मागे पडले तेही याच्यामुळेच. चिलापीची पिल्लं पाण्यातले बारीक किडे खातात आणि कटल्याचं खाणंही तेच. पेंड पडली की कडेची चिलापी आधी तुटून पडते, मधल्या थरात फिरणाऱ्या रोहूपर्यंत उरलंसुरलं पोचतं. चिलापीला पेंड मिळाली नाही तरी तिचं अडत नाही. तिच्या पोटातलं आम्ल इतकं तीव्र असतं की निळ्या-हिरव्या शेवाळाच्या पेशीसुद्धा फुटतात. आतडं अंगाच्या लांबीच्या सात ते दहा पट. तळाची कुजकी घाण, शेवाळ, पेंड, किडे, काहीही चालतं. तुमच्या रोहूला हे जमत नाही.

बगळ्याच्या पायाचं म्हणाल तर ते सायप्रिनसच्या (कॉमन कार्प माशाच्या) बाबतीत मान्य करेन, त्याची अंडी चिकट असतात आणि गवताला लागून राहतात. चिलापीची अंडी चिकट नसतात आणि उघड्यावर पडूनही राहत नाहीत, मादी ती लगेच तोंडात घेते. तेव्हा दोनच वाटा उरतात: कालव्याचं पाणी, नाहीतर तुम्ही आणलेलं बियाणं. पंपाच्या पंख्यातून मोठा मासा जिवंत येत नाही, पण सेंटिमीटरभराचं पिल्लू बिनदिक्कत येतं.

---

मिरजेचा_गळवाला

बियाण्यातून आली की काय हे पुढच्या खेपेला घमेल्यातच बघता येतं. बोटुकली पांढऱ्या टबात ओता. रोहू-कटल्याच्या पाठीवरचा पर आखूड आणि मऊ असतो. चिलापीचा पर डोक्याच्या मागून शेपटीजवळ जाईपर्यंत सलग, पुढचा भाग काट्यांचा, आणि पिल्लाच्या त्या पराच्या मागच्या बाजूला एक ठसठशीत काळा ठिपका. दोन इंचाच्या पिल्लातही तो दिसतो. शंभरात एक निघाली तरी ती पिशवी परत करा. बियाणं विकणाऱ्याच्या तळ्यातच ती माजलेली असते आणि निवडून काढायला कुणाला वेळ नसतो.

आणखी एक खूण, ही सहसा कुणी सांगत नाही. चिलापीला नाकपुडीचं भोक प्रत्येक बाजूला एकच असतं, रोहूला दोन-दोन. आणि अंगावरची बाजूची रेघ चिलापीत मधेच तुटते, पुढची वरून जाते, मागची खालून.

नर-मादी ओळखायची असेल तर मासा उलटा धरा आणि गुदद्वाराच्या मागचा उंचवटा बघा. नराला दोन भोकं: एक गुदद्वार, दुसरं उंचवट्याच्या टोकाला, ज्यातून लघवी आणि वीर्य दोन्ही जातं. मादीला तीन: गुदद्वार, मधे आडवी चीर अंड्यांची, टोकाला बारीक लघवीचं. २५-३० ग्रॅमच्या खाली हे नीट दिसत नाही. कापसाच्या बोळ्याने मिथिलीन ब्लूचा एक थेंब लावून पुसला तर मादीची आडवी चीर निळी उठून दिसते. हात बसला की भिंगाची गरज लागत नाही, तरी सुरुवातीला शंभरात दहा चुकतातच. माजावर आलेला नर मात्र लांबूनही कळतो: अंग काळंकुट्ट, हनुवटीखाली पांढरट, पर आणि शेपटीची कड लाल, तोंड मोठं आणि कपाळ आत दबलेलं.

गळाने कमी होतील का, असं कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो: होणार नाहीत. बारीक गळाला गांडुळाचा तुकडा किंवा कणकेची गोळी लावून, दोन-तीन फूट पाण्यात, दुपारच्या उन्हात तासाला वीस-पंचवीस निघतील. पण निघतात ते बहुतेक नर. खळग्याची राखण करणारा नर समोर आलेल्या कशावरही तुटून पडतो. अंडी तोंडात धरलेली मादी काही खातच नाही, मग ती गळाला कशी लागणार? आणि एक नर अनेक माद्यांना पुरतो. त्यामुळे नर शंभर काढले तरी पिल्लांचं प्रमाण तसंच राहतं. खायला हवी तर काढा, रोहूसारखे बारीक आडवे काटे हिच्यात नसतात, लहान मुलांना द्यायला बरी. हिरव्या पाण्यातल्या माशाला मातीचा वास मारतो. तो घालवायचा तर स्वच्छ पाण्याच्या टाकीत तीन-चार दिवस उपाशी ठेवायची.

---

बागायतदार_कवठेमहांकाळ

काल फेकजाळं टाकून साठ-सत्तर काढल्या आणि सांगितल्याप्रमाणे उलट्या करून बघितल्या. पर सलग आहे, ठिपकाही आहे, चिलापीच. एका मादीचा गळा फुगलेला होता, बादलीत टाकल्या टाकल्या तिच्या तोंडातून पिवळे दाणे पडले, मोहरीहून थोडे मोठे, लांबट. मोजले, ११० भरले. एवढ्याशा माशाला एवढीच अंडी, तर तळं भरतं कसं? आणि आमच्याकडे तर माती नाही, प्लॅस्टिक आहे. खळगा करणार कुठे?

---

येरळाकाठ

प्लॅस्टिकवर दोन-तीन वर्षांत बोटभर गाळ बसतोच: धूळ, मेलेलं शेवाळ, पेंडीचा उरलेला भाग. नर तोंडाने तो गाळ उचलून बाजूला थुंकतो आणि परातीएवढी गोल जागा साफ करतो. पाणी अजून दोन फूट उतरलं की कडेच्या उतारावर आणि तळाला काळ्या प्लॅस्टिकच्या गोल चकत्या एकमेकींपासून हातभर अंतरावर ओळीने दिसतील. ती माशांची वस्ती समजा. आणि गाळ अजिबात नसला तरी सिमेंटच्या टाकीतसुद्धा ती विते. खळगा हे नराचं दुकान आहे, मादीला बोलवायला. अंड्यांना त्याची गरज काही मिनिटांपुरतीच.

मादी तिथे येते, थोडी थोडी अंडी सोडते, वळून लगेच तोंडात घेते, नर त्यावर वीर्य सोडतो. संपलं की ती तिथून निघून शांत कोपरा धरते. पुढची सगळी कामं तिची एकटीची. २८ अंशांच्या आसपास चार दिवसांत अंडी फुटतात, पिल्लांच्या पोटाची पिवळी पिशवी जिरायला आणखी सहा-आठ दिवस. या काळात ती तोंडाची सतत चघळल्यासारखी हालचाल करते. ते खाणं नाही. अंडी खालीवर फिरली नाहीत तर मधल्यांना प्राणवायू पोचत नाही आणि त्यांना बुरशी लागते. हॅचरीत हीच अंडी काढून घेतली की तळातून पाणी येणाऱ्या बरणीत ती तशीच फिरत ठेवावी लागतात. पिल्लं पोहायला लागल्यावरही काही दिवस ती आईच्या तोंडाजवळ घुटमळतात. सावली पडली, की सगळी परत आत.

संख्येचं उत्तर यातच आहे. रोहू पावसाळ्यात लाखांनी अंडी घालते आणि सोडून देते, त्यातली हजारांत एखादी जगली तरी मिळवली. शिवाय तिला वाहतं पुराचं पाणी लागतं, शेततळ्यात ती वितच नाही. चिलापी शंभर घालते आणि त्यातली बरीचशी जगवते. मोठ्या मादीची संख्या वाढते, अर्धा-पाऊण किलोची मादी हजाराच्या घरात अंडी देते. तुमच्या तळ्यात ५० ग्रॅमच्या शंभर माद्या धरा. एका खेपेला ७०-८० पिल्लं जगली तरी सात-आठ हजार, दर सहा आठवड्यांनी.

मादी का खुरटते तेही लक्षात घ्या. एका खेपेला दहा-बारा दिवस कडकडीत उपास, त्याआधी अंड्यांसाठी अंगातलं खर्च. म्हणूनच नर मादीच्या जवळपास दुप्पट वेगाने वाढतो, आणि म्हणूनच धंदा करणारे नुसते नर वाढवतात.

आणि जाळ्यात सापडलेली मादी तोंडातलं सगळं थुंकते, ते तुम्ही बादलीत बघितलंत. तळ्यातच जाळ्यात अडकली असती तर ते पाण्यात गेलं असतं. अंडी असतील तर मरतात. पोहणारी पिल्लं असतील तर मागे राहतात. जाळं ओढून ओढून चिलापी संपवायला निघालेल्यांचं इथेच फसतं.

---

वारणापट्टा

मरळ सोडा. गुंठ्याला पाच-सहा बोटुकली, नऊ गुंठ्यांच्या तळ्यात पन्नास. सगळी पिल्लं साफ करेल, आणि मरळीला बाजारही चांगला. खर्च शून्य.

---

येरळाकाठ

मरळ चालते, पण कधी, ते महत्त्वाचं. तोंडात मावेल ते मरळ खाते. आत्ताची तुमची ४०-५० ग्रॅमची चिलापी चार इंची मरळीच्या तोंडात मावत नाही, उलट जुलैत नवी रोहू-कटल्याची बोटुकली सोडाल ती तिची पहिली न्याहारी. म्हणजे आधी जुनी चिलापी साफ, मग रोहू-कटला सोडायचे, ते शंभर-दीडशे ग्रॅमच्या पुढे गेले की मग मरळीची चार-पाच इंची बोटुकली. तोपर्यंत चुकून आलेल्या चिलापीची पिल्लं तिच्या घासाएवढी असतात. मरळ हा पुन्हा माजू नये म्हणूनचा उपाय आहे. माजलेलं तळं ती साफ करत नाही.

दुसरं, मरळ हवेतून श्वास घेते. पहिला जोराचा पाऊस पडला आणि कडेने पाणी वाहायला लागलं की ती ओल्या प्लॅस्टिकवरून सरपटत बाहेर जाते आणि सकाळी बांधाला सापडते. तळ्याभोवती दोन फूट उंच जाळीचं कुंपण, खालची कड मातीत दाबलेली, हे आधी करा. खर्च शून्य वगैरे नाही.

---

वारणापट्टा

कुंपणाचं मान्य. आमच्याकडे मातीचं तळं, कड उभी, त्यामुळे तो भाग सुचला नाही.

---

कराड_मत्स्यबीज

बागायतदार दादा, तुमच्याकडे पाच फूट पाणी आहे हीच सोय आहे. खरड छाटणीच्या बागेला ते वापरून टाका आणि तळं उतरवा. आत्ता पाच फुटांत औषध टाकायला जाल तर उतार एकास एक धरून जवळपास पावणेदहा लाख लिटर पाणी आहे. त्याला मोहाची पेंड लिटरला २५० मिलिग्रॅमने अडीचशे किलोच्या आसपास लागेल. तेच पाणी तळाला अर्धा फूट आणलं तर ८७-८८ हजार लिटर राहतं आणि २२ किलोत काम होतं.

उतरवताना फूटव्हॉल्व्हला बाहेरून मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी बांधा, दुहेरी, मोठ्या घेराची. घेर लहान ठेवलात तर पंप ओढणार नाही आणि कापड चिकटून बसेल. साध्या कॅरेटला चारी बाजूंनी कापड गुंडाळून आत फूटव्हॉल्व्ह ठेवला तर बरं पडतं. पिल्लं फिल्टरपर्यंत जाणार नाहीत, आणि सँड फिल्टरचा तुमचा त्रास आजच कमी होईल.

गुडघाभर पाणी राहिलं की ओढजाळ्याने रोहू-कटला आणि मोठी चिलापी काढून घ्या. जाळ्याच्या खालच्या दोरीला शिशाच्या धारदार गोळ्या असतील तर कागद कापेल. त्या जागी जाड दोर गुंडाळा, किंवा तळाच्या दोरीवर जुन्या ड्रिपच्या नळीचे तुकडे उभे चिरून बसवा. अनवाणी उतरा, बुटाच्या टाचेने कागद फाटतो. आणि उतारावरून घसरलं की पोहता येणाऱ्यालाही प्लॅस्टिकवर पाय लागत नाही, तेव्हा काठाला खुंटीला बांधलेला गाठींचा दोर आत सोडलेला असल्याशिवाय कुणीही उतरायचं नाही, पाणी कितीही कमी असो.

मग मोहाची पेंड आदल्या रात्री पिंपात भिजत घाला, सकाळी उन्हात तिचं पाणी सगळीकडे शिंपा, चोथाही टाका. तिच्यातलं सॅपोनिन माशाच्या कल्ल्यातून रक्तात जातं आणि तांबड्या पेशी फोडतं. काही तासांत मासा वर येतो. लगेच काढा, कारण उन्हात कुजलेला मासा तळाला बसला की पुढच्या पाण्याचीही नासाडी. विषाचा असर दोन-तीन आठवडे राहतो, नंतर तीच पेंड खत म्हणून कामाला येते. मोहाची पेंड मिळाली नाही तर ब्लीचिंग पावडर, हजार लिटरला ३५ ग्रॅम, म्हणजे तुमच्या अर्ध्या फुटाला तीन किलो. संध्याकाळी टाका, उन्हात क्लोरीन उडून जातं. पावडर ताजी हवी. गेल्या वर्षीचं उघडं पोतं असेल तर त्यात चुन्याशिवाय काही उरलेलं नसतं आणि मग लोक म्हणतात ब्लीचिंगने चिलापी मरत नाही.

सगळ्यात जास्त चुकतं ते इथे: कागदाच्या सुरकुत्या आणि कोपऱ्यातली डबकी. ताटलीभर पाण्यात दहा पिल्लं तग धरतात, आणि दहा म्हणजे दिवाळीला पुन्हा हजारो. ती डबकी फडक्याने टिपून घ्या, तळ तीन-चार दिवस कडकडीत वाळू द्या. वैशाखाचं ऊन फुकट आहे, तेवढं तरी वापरा.

पुन्हा भरताना कालव्याच्या पाइपच्या तोंडाला ६० मेशच्या नायलॉन कापडाची लांब पिशवी, दीड-दोन मीटर, दुहेरी. आखूड पिशवी दाबाने फाटते. दर दोन तासांनी उलटी करून झाडायची. रात्री पंप चालू ठेवून झोपलात आणि पिशवी गाळाने भरून निसटली, की वर्षभराची मेहनत गेली.

---

माणदेशी_तळं

आमच्याकडे उलटं विचारायचं आहे. चिलापीच पाळायची ठरवली तर? पाणी सहा-सात महिने टिकतं, रोहूला तेवढा काळ पुरत नाही. आणि थंडीत खाते का?

---

कराड_मत्स्यबीज

पाळा, पण गावठी नको. गिफ्ट जातीची, आणि नुसते नर. गिफ्ट म्हणजे निवड करत करत सुधारलेली नाईल चिलापी. ते काम १९८८ मध्ये फिलिपिन्समध्ये सुरू झालं, आफ्रिकेतल्या चार रानटी आणि आशियातल्या चार पाळीव वाणांपासून. गावठीपासून ओळख शेपटीवर: गिफ्टच्या शेपटीवर उभ्या रेघा ओळीने असतात, गावठीच्या शेपटीवर नसतात. 'गिफ्ट आहे' म्हणून विकणाऱ्याची शेपटी, म्हणजे माशाची, बघूनच पैसे द्या.

नुसते नर कसे करतात, तर पोहायला लागलेल्या पिल्लांना तीन-चार आठवडे संप्रेरक मिसळलेलं खाद्य देतात. ते काम परवाना असलेल्या हॅचरीचं, आपण घरी करायचं नाही. चांगल्या बियाण्यातही शंभरात दोन-तीन माद्या राहतात. पन्नास ग्रॅमला आल्यावर शंभर मासे उलटे करून मोजा. पाचपेक्षा जास्त माद्या निघाल्या तर बियाणं खराब. चिलापी पाळायला मत्स्यव्यवसाय विभागाची नोंदणी लागते, जिल्ह्याच्या कार्यालयात आधी विचारा. आणि तळ्याचं जादा पाणी ओढ्यात जात असेल तर सांडव्याला जाळी पाहिजेच. माणगंगा असो नाहीतर येरळा, तिथे एकदा गेलेली चिलापी परत काढता येत नाही. गंमत म्हणजे हीच गावठी चिलापी जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या प्रजातींच्या यादीत आहे, आणि तिच्या स्वतःच्या मुलखात मात्र नाईल चिलापीशी संकर होऊन धोक्यात आली आहे.

चौरस मीटरला दोन-तीनच सोडा. हिशोबाने पाच बसतात, पण तुमचं पाणी उन्हाळ्याकडे उतरत जाणार आणि रात्री एअरेटरला (पाण्यात हवा मिसळणाऱ्या यंत्राला) वीज मिळेलच असं नाही. ९०० चौरस मीटरला दोन हजार. खाद्य तरंगतं, २८ ते ३२ टक्के प्रथिनांचं. मासा दहा ग्रॅमचा असताना वजनाच्या सहा-सात टक्के, पन्नासला चार-पाच, शंभरला साडेतीन, दोनशेला अडीच-तीन, चारशेला दोन. म्हणजे दोन हजार मासे शंभर ग्रॅमचे, २०० किलो, रोज सात किलो, दोन-तीन वेळांत विभागून. वीस मिनिटांत संपेल तेवढंच. दर पंधरा दिवसांनी तीस-चाळीस मासे तोलल्याशिवाय हा हिशोब करू नका, अंदाजाने टाकलेलं खाद्य अमोनिया होऊन बसतं.

थंडीत: पाणी २० अंशांखाली गेलं की खाणं निम्म्यावर येतं, १६-१७ ला जवळजवळ बंद, ११-१२ ला मरते. माणमध्ये हवा दहावर उतरली तरी तीन मीटर पाणी तेवढं थंड होत नाही, मरण्याची भीती नाही. पण डिसेंबर-जानेवारीत वाढ थांबते हे धरून चाला. जूनच्या शेवटी सोडून डिसेंबरपर्यंत काढता आली तर उत्तम, चांगल्या खाद्यावर सहा महिन्यांत चारशे-पाचशे ग्रॅम होते. थंडीत खाद्य सकाळी टाकू नका, दुपारी बारा ते तीनमध्ये, पाणी कोमट झाल्यावर.

---

मिरजेचा_गळवाला

पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर तो प्राणवायूचा प्रश्न, त्याला लोक 'भूक लागली' समजतात आणि पेंड टाकतात. त्या दिवशी खाद्य टाकायचं नाही. पाणी किती हिरवं चालेल ते असं बघा: हात कोपरापर्यंत पाण्यात घाला. कोपर बुडायच्या आधीच पंजा दिसेनासा झाला तर पाणी फार हिरवं. शेवाळ दिवसा प्राणवायू देतं आणि रात्री तेच खातं, ढगाळ हवामान दोन-तीन दिवस राहिलं की पहाट जड जाते. चिलापी इतर माशांपेक्षा जास्त तग धरते, पाण्याच्या वरच्या थरातला प्राणवायू ओढते. म्हणून रोहू-कटला मरतात आणि ती राहते. कवठेमहांकाळच्या तळ्यात तेही झालं असेल.

द्राक्षवाल्यांसाठी अजून एक. फळछाटणीनंतर ब्लोअरच्या फवारणीचा तुषार वाऱ्याने तळ्यावर जातो. सायपरमेथ्रिन, लॅम्डासारखी कीडनाशकं माणसाला चालतील त्याच्या कितीतरी कमी प्रमाणात माशाला मारतात. बोर्डोमधलं तांबंही, मऊ पाण्यात जास्त. फवारणीचा पंप तळ्यात बुडवून धुणं तर सरळ विष घालणंच आहे.

---

बागायतदार_कवठेमहांकाळ

पाणी उतरवायला घेतलं. कॅरेटला कापड लावल्यावर फिल्टर दोन दिवस धुवावा लागला नाही. शेवटचं: ब्लीचिंग टाकलेलं अर्धा फूट पाणी ड्रिपने बागेला गेलं तर वेलीला काही होईल का? आणि काढलेली बारकी चिलापी, दीड-दोन क्विंटल होईल, तिचं काय करू? गावातल्या नाल्यात सोडू का?

---

कराड_मत्स्यबीज

नाल्यात अजिबात नको, वर तेच तर सांगितलं. खाण्याजोगी विका किंवा वाटा. बाकीची खड्ड्यात, एक थर मासा, एक थर शेण आणि पाचट, वरून वीतभर माती. मासा उघडा राहिला तर कुत्री उकरतील. दोन-तीन महिन्यांत खत तयार, बांधावरच्या नारळाला घाला.

ब्लीचिंगचं पाणी टाकल्यापासून आठ दिवस ड्रिपला लावू नका. त्यानंतर बादलीभर पाणी घेऊन त्यात चार-पाच जिवंत चिलापी सोडा. चोवीस तास सगळ्या जगल्या तर क्लोरीन गेलं. त्यासाठी पाच-सहा चिलापी आधीच वेगळ्या पिंपात राखून ठेवा, आणि काम झालं की त्याही खड्ड्यात.